तार कुणाची, चूक कुणाची?

हेलिकॉप्टर कोसळले की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत दोनच कारणांची चर्चा सुरू होते : हवामान की वैमानिकाची चूक? तिसरे कारण बातमीच्या शेवटी, जाता जाता येते. 'हेलिकॉप्टर तारेत अडकल्याचे समजते' असे ते वाक्य असते. ती तार कुणाची होती, किती वर्षांपासून तेथे होती, कुणाच्या नकाशावर होती की नव्हती, हे कुणी विचारीत नाही. जणू तार म्हणजे वारा-पावसासारखीच निसर्गाची एक करणी! माझे म्हणणे एवढेच आहे, की तार आभाळातून पडत नाही. ती कुणीतरी बांधलेली असते, तिला मालक असतो आणि तिची दोन्ही टोके जमिनीवरच असतात. म्हणून ती इतरांना दाखवण्याची जबाबदारी प्रथम त्या मालकाची आणि त्यानंतर शासनाची आहे. वैमानिकाच्या दोन डोळ्यांवर सारा भार टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

'हा विषय विज्ञान शाखेचा, तू कशाला त्यात पडतोस?' असे एक मित्र म्हणाला. हेलिकॉप्टर कसे उडते हा विज्ञानाचा प्रश्न खरा. पण दरीवरून गेलेल्या तारेची नोंद कोणत्या कार्यालयात असावी, हा राज्यशास्त्राचा प्रश्न आहे, आणि मला तर तोच अधिक अवघड वाटतो.

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्याचे उदाहरण घ्या. त्या महिन्यात आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीत महापुराने हाहाकार उडवला होता. त्यामुळे दूर उत्तरेकडच्या एका बातमीकडे आपले फारसे लक्ष गेले नसावे. उत्तराखंडाच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, हिमाचलच्या सीमेलगत, आराकोट नावाचा परिसर आहे. हा सफरचंदांचा मुलूख. अतिवृष्टीने तेथील रस्ते आणि पूल वाहून गेले, गावांचा संपर्क तुटला. मदत पोचवण्यासाठी हेलिकॉप्टरे लावण्यात आली. २१ ऑगस्ट रोजी मोल्डीकडे मदतसामग्री घेऊन गेलेले एक हेलिकॉप्टर तारेत सापडून कोसळले आणि आतील तिघेही मृत्युमुखी पडले. त्यानंतर दोनच दिवसांनी त्याच भागात दुसऱ्या एका हेलिकॉप्टरला तारांमुळे घाईने खाली उतरावे लागले. या वेळी सुदैवाने माणसे वाचली.

या तारा विजेच्या नव्हत्या. डोंगरावरच्या बागांतून सफरचंदाच्या पेट्या खाली रस्त्यापर्यंत आणण्यासाठी तेथील शेतकरी दरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी दोर बांधतात. त्यावरून पाळण्यासारखी ट्रॉली सोडतात. डोक्यावरून पेटी वाहून न्यायची तर निम्मा दिवस मोडतो, माणसाची मान मोडते आणि फळाला डाग पडतो तो वेगळाच. दोराने तेच काम काही मिनिटांत होते. आता विचार करा : दोर तेथे का होता? रस्ता नव्हता म्हणून. आणि हेलिकॉप्टर तेथे का गेले? रस्ता उरला नव्हता म्हणून. एकाच उणिवेवर गरिबाने काढलेला उपाय आणि सरकारने काढलेला उपाय आकाशात एकमेकांवर आदळले. या अपघाताला नुसती वैमानिकाची चूक म्हणणे मला पटत नाही. शेतकऱ्याची चूक म्हणणे तर त्याहून पटत नाही.

तरीही अशा अपघातानंतर 'काढून टाका त्या तारा' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. शहरात बसून हे म्हणणे सोपे असते. हेलिकॉप्टर वर्षांतून एखादे वेळी येणार, पण सफरचंद दरवर्षी पिकणार. दोर काढला तर त्या घरातल्या मुलाच्या शाळेचा खर्च कशातून निघायचा? धोका आहे म्हणून गरिबाचे साधनच काढून घ्यायचे, ही आपल्याकडील फार जुनी आणि फार आळशी पद्धत आहे.

आता तार दिसत का नाही, ते पाहू. आपण जमिनीवरून वर पाहतो तेव्हा तारेच्या मागे आकाश असते. स्वच्छ पडद्यावर काळी रेघ. ती लहान मुलालाही दिसते. म्हणूनच आपण सहज बोलून जातो, 'एवढी तार दिसली नाही का त्याला?' पण वैमानिक वरून किंवा समोरून पाहत असतो. त्याच्या दृष्टीने तारेच्या मागे झाडी असते, नांगरलेले रान असते, खडक असतात, घरांची छपरे असतात. त्या गर्दीत ती रेघ हरवून जाते. ॲल्युमिनियमची तार नवी असताना चकाकते, पण काही वर्षांत तिला मळकट राखी रंग चढतो आणि मग ती डोंगराच्याच रंगाची होते. शिवाय एखादी वस्तू किती दूर आहे हे डोळ्याला कळण्यासाठी त्या वस्तूवर काही खूण लागते; गाठ, डाग, कोपरा असे काहीतरी. सलग तारेवर असे काहीच नसते. ती दिसली तरी दहा मीटरवर आहे की शंभर मीटरवर, हे चटकन उमगत नाही.

जाडीचे म्हणाल तर गावच्या डीपीपर्यंत येणाऱ्या ११ केव्हीच्या लाईनची नेहमीची तार ८ ते १० मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्या करंगळीहूनही बारीक. (या तारांना 'रॅबिट', 'डॉग', 'पँथर' अशी जनावरांची नावे आहेत. वायरमन मंडळी ती घेतात तेव्हा आपल्याला गंमत वाटते. पण ती खरोखरच त्या त्या मापाची ठरलेली नावे आहेत.) मोठ्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या ४०० केव्हीच्या लाईनला 'मूस' नावाची तार वापरतात, तिची जाडी सुमारे ३२ मिलिमीटर. पण खरी मेख पुढेच आहे. या जाड तारांच्याही वर, मनोऱ्याच्या अगदी टोकावरून, विजेच्या लोळापासून बचावासाठी एक अर्थवायर गेलेली असते आणि ती अवघी ११ मिलिमीटरच्या आसपास असते. वैमानिकाला जाड तारा दिसतात, तो त्यांच्यावरून जाण्यासाठी हेलिकॉप्टर उचलतो आणि वरच्या बारीक तारेला जाऊन भिडतो. जे दिसले ते चुकवताना न दिसलेल्याने घात केला, असे अपघात जगात अनेक झाले आहेत.

थोडे गणित करून पाहू. समजा, वैमानिकाला तार १०० मीटरवरून दिसली. हेलिकॉप्टर ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर ते सेकंदाला जवळजवळ २८ मीटर अंतर तोडते. म्हणजे त्याच्या हाती साडेतीन सेकंद उरले. वेग दुप्पट असेल तर दोन सेकंदही नाहीत. तेवढ्या वेळात पाहायचे, ओळखायचे, ठरवायचे, हात हलवायचा, आणि काही टन वजनाच्या यंत्राने तो हुकूम ऐकायचा! म्हणूनच वैमानिकांना शिकवतात की तार शोधू नका, खांब शोधा. आणि लाईन ओलांडायची तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडा. खांब दिसला की तार असणार हे नक्की, आणि दोन खांबांमधील तारांहून खांबाचे टोक उंच असते. शिकवण उत्तम आहे. पण पहाडात एक खांब या कड्यावर झाडीत असतो, दुसरा समोरच्या कड्यावर झाडीत असतो आणि मधल्या पोकळीतून, जेथे वैमानिकाला मोकळी वाट वाटते, तेथून तार गेलेली असते.

आपल्या मराठवाड्यात तर हिमालयासारखे कडे नाहीत की दऱ्या नाहीत. तरी २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच थोड्याच उंचीवरून खाली आले, विजेच्या तारांत अडकले आणि कोसळले. आतील सहाही जण बचावले ही भाग्याची गोष्ट. मे महिन्याच्या तापलेल्या हवेत कोणत्याही हेलिकॉप्टरला उचल कमी मिळते. अशा वेळी ते थोडे खाली बसले तर त्याखाली मोकळी जमीन असावी, की तारा? आपल्याकडे मोठ्या व्यक्तीचे हेलिकॉप्टर येणार म्हटले की सार्वजनिक बांधकाम विभागाची माणसे मैदान सपाट करतात, चुन्याने गोल आखून मधोमध 'एच' काढतात, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात, बांबूंचे कठडे बांधतात. गर्दी आवरायला पोलीस येतात. या सर्व तयारीत सारे जण खाली जमिनीकडे पाहत असतात. वर कोण पाहतो?

आणखी एक घटना अगदी अलीकडची, तीही उत्तरकाशीचीच. ८ मे २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवर यात्रेकरूंचे एक हेलिकॉप्टर कोसळले. सात जणांपैकी सहा जण गेले. त्यांत मुंबईहून गेलेल्या यात्रेकरूही होत्या. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या केंद्रीय विभागाने काही आठवड्यांनी प्राथमिक अहवाल दिला. हेलिकॉप्टर ठरलेली उंची सोडून खाली आले होते आणि रस्त्यावर उतरण्याचा प्रयत्न करीत होते; त्या वेळी त्याचे वरचे पाते रस्त्याला समांतर गेलेल्या एका फायबर केबलला लागले, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे यंत्र मुळात अडचणीत सापडले होते. पण अडचणीत सापडलेल्यानेच तर रस्त्याचा आसरा शोधायचा! नेमक्या त्याच जागी, रस्त्याच्या कडेने, आपण विजेच्या, टेलिफोनच्या आणि आता फायबरच्या तारा ओढीत चाललो आहोत.

कुणी म्हणेल, विज्ञानाने यावर उपाय काढला असेलच. काढला आहे. कॅनडात १९७० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या नाकाडावर वर आणि खाली बसवायची कात्री तयार झाली. समोरून तार आली की ती घसरत त्या कात्रीच्या फटीत जाते आणि तुटते. साधी, बिनयंत्राची युक्ती, आणि तिने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. पण तिला वेग लागतो आणि तार समोरूनच यावी लागते. उतरताना, चढताना, तरंगत असताना, किंवा तार पात्याला वा शेपटीला लागली तर तिचा फारसा उपयोग नाही. वर सांगितलेली निलंग्याची आणि गंगोत्रीच्या वाटेवरची घटना आठवा. एक चढतानाची, एक उतरतानाची.

मग नकाशा? येथे मला इटलीतील एक घटना सांगावीशी वाटते. ती हेलिकॉप्टरची नाही, लढाऊ दलाच्या जेट विमानाची आहे. पण तारेचा न्याय कसा होतो हे तिच्यावरून कळते. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी कावालेसे या डोंगरी गावाजवळ अमेरिकन मरीन दलाच्या एका विमानाने खालून उडण्याचा सराव करताना रोपवेचा दोर कापला. पाळण्यातील २० माणसे खाली पडून ठार झाली. विमान परवानगीपेक्षा खाली उडत होते. एवढे उघड असताना १९९९ मध्ये अमेरिकन लष्करी न्यायालयाने वैमानिकाला मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले. वैमानिकांकडील नकाशावर तो रोपवे दाखवलेलाच नव्हता, हा मुद्दा तेव्हा पुढे आला होता. इटलीत संतापाची लाट उसळली आणि ती रास्त होती. मला यातून एवढे दिसते, की तार कागदावर नसली की वैमानिक म्हणतो, 'मला कुणी सांगितले नाही'. मालक म्हणतो, 'मला कुणी विचारले नाही'. आणि नकाशा करणाऱ्याला तर कुणी न्यायालयात उभेच करीत नाही. वीस माणसे मेली, पण त्यांना मारले कुणी?

अर्थात नकाशा केला म्हणजे सारे झाले, असेही नाही. ऑस्ट्रेलियात पिकांवर फवारणी करणारी विमाने तारांना धडकण्याचे प्रकार पुष्कळ होतात. तेथील वाहतूक सुरक्षा संस्थेने त्यांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की निम्म्याहून अधिक वैमानिकांना ती तार तेथे आहे हे आधी माहीत होते. माहीत असूनही कामाच्या नादात ते विसरले, किंवा ती नजरेतून निसटली. म्हणून तार माहीत असायला हवी आणि दिसायलाही हवी. दिसण्यासाठी गोळे आहेत. काही नद्यांवर आणि विमानतळांच्या आसपास तारांवर नारिंगी-पांढरे मोठे गोळे अडकवलेले आपण पाहतो, ते यासाठीच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकाप्रमाणे असा गोळा किमान ६० सेंटिमीटर व्यासाचा असावा. तो काही सोन्याचा नसतो. पोकळ प्लास्टिकचा किंवा फायबरचा गोळा तो! पण तो बसवायचा कुणी, या प्रश्नावर तो अडकून बसतो.

स्वित्झर्लंडमध्ये आराकोटसारखेच शेतकरी आहेत आणि तेही डोंगरउतारावरून गवत नि लाकडे उतरवण्यासाठी दोर बांधतात. तेथे कुणी म्हणत नाही की दोर बांधू नका. वस्तीबाहेर जमिनीपासून २५ मीटर किंवा त्याहून उंच दोर वा तार असेल तर ती विमान खात्याला कळवावी लागते, आणि अशा अडथळ्यांचे नकाशे वैमानिकांसाठी काढले जातात. वापरात नसलेले जुने दोर उतरवावेत यासाठीही तेथे प्रयत्न होतात. श्रीमंत देश आहे, त्याला परवडते, असे यावर ठरलेले उत्तर येते. पण एका नोंदवहीला श्रीमंती किती लागते?

तारेच्या मालकाला जबाबदार धरण्याची कल्पना आपल्याकडे अगदीच परकी आहे असेही नाही. फक्त ती माणसांऐवजी पक्ष्यांच्या निमित्ताने पुढे आली. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झाले, तो माळढोक अंगाने जड, आणि त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला नाकासमोरचे कमी दिसते. राजस्थान-गुजरातेत तो विजेच्या तारांना आदळून मरू लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याच्या प्रदेशातील तारा जमिनीखाली घालण्याचा आणि उरलेल्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावण्याचा आदेश दिला. पुढे २०२४ मध्ये हा आदेश बदलण्यात आला, कारण सर्वच तारा पुरणे शक्य नाही असे म्हणणे मांडले गेले. निकालाबद्दल मतभेद असोत. पण 'पक्ष्याने नीट पाहून उडावे' असे मात्र त्या खटल्यात कुणी म्हणाल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. खेड्यातल्या माणसाला आपल्या शिवारातली प्रत्येक तार पाठ असते. कडब्याची गाडी भरली की वर बसलेल्या गड्याच्या हातात लांब बांबू असतो. लोंबती तार आली की तो ती उचलून धरतो आणि गाडी खालून जाते. (हे जिवावरचे काम आहे. कडबा पेटल्याच्या आणि माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.) उसाची ट्रॉली हाकणारा ट्रॅक्टरवाला कोणत्या वळणावर वर पाहायचे ते बरोबर जाणतो. माझे चुलते हेच काम करतात आणि आमच्या गावापासून कारखान्यापर्यंतच्या साऱ्या खाली आलेल्या तारा ते बोटांवर मोजून सांगतात. उन्हाळ्यात तार तापून आणखी खाली येते हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. पण हे ज्ञान कुठल्याही कार्यालयात जात नाही. वायरमनला आपल्या सेक्शनपुरते कळते, तलाठ्याच्या उताऱ्यावर विहीर लागते, झाडे लागतात, तार लागत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो. हेलिकॉप्टर कोठे उतरू शकेल त्या जागा त्यात नमूद करता येतात. त्याच पानावर, त्या जागेभोवतीच्या तारा कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहेत, हे लिहायला कोणता नवा कायदा हवा?

हे काही दूरचे संकट नाही. २०१९ च्या महापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडकडे पाणी भरले तेव्हा आपल्याच राज्यात मदतीसाठी हेलिकॉप्टरे आली होती. पुराच्या वेळी बहुधा शाळेचे मैदान हीच एक उंच, मोकळी जागा उरते, आणि शाळेला वीज देणारी लाईन त्याच मैदानाच्या कडेने आलेली असते. वीज बंद असते हे खरे. पण पात्याला अडकायला तारेत वीज असावी लागत नाही.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस एखाद्या गावी जाते. आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, झाडे लावतो. त्यातील काही झाडे पुढच्या शिबिरापर्यंत जगतात. माझी सूचना अशी आहे की या वर्षी त्यातले दोन दिवस याला द्यावेत. तालुक्यातील पाच-सहा शाळांची मैदाने निवडावीत. प्रत्येक मैदानाच्या मधोमध उभे राहून चारही बाजूंच्या तारा मोजाव्यात, अंतर टेपने घ्यावे, दिशा होकायंत्राने घ्यावी (भूगोल विभागात दोन आहेत), खांबावरचा क्रमांक असेल तर तो लिहावा, आणि कोणती तार कुणाची हे गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना, वायरमनला विचारून नोंदवावे. त्याची एक प्रत तहसील कचेरीत, एक वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात पोच घेऊन द्यावी आणि एक आपल्या ग्रंथालयात ठेवावी. कार्यक्रम अधिकारी सरांशी मी याबद्दल बोललो आहे. त्यांनी शिबिराचे गाव अजून ठरवलेले नाही.